नवी कोण, आणि त्यातली सरस कोण?

भांडी आवरून, पोरांना झोपवून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज मी खेळाबद्दल बोलणार आहे. हॉकीबद्दल. नाव ऐकून कुणी उठू नका. बोलणं हॉकीचं असलं, तरी त्यात आपल्या गटाची एक गोष्ट आहे, आणि माझी एक चूकही आहे.

आधी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघाने ठरवलं की ८ मार्चला गटात नव्याने आलेल्या आणि नवा धंदा उभ्या केलेल्या बाईचा सत्कार करायचा. शाल, नारळ आणि तालुक्याच्या प्रदर्शनात फुकट स्टॉल. शालीचं कौतुक दोन दिवसांचं असतं, पण स्टॉल म्हणजे धंद्याला मोठा आधार. नावं दोन आली. एक आमच्या मोठ्या आळीतली, चटण्या-मसाले करणारी. दुसरी नदीपलीकडच्या वाडीतली, गावरान कोंबड्या पाळणारी. मी सचिव. मी म्हटलं, "हात वर करा." मोजले. मोठ्या आळीच्या बाया जास्त होत्या, हात जास्त आले, निकाल लागला. टाळ्या वाजल्या. त्यानंतर वाडीतली ती बाई दोन महिने बैठकीला आली नाही. बचत मात्र शेजारणीच्या हाती न चुकता पाठवत होती.

माझं काय चुकलं, ते मला माझ्या भाचीमुळे कळलं. ती शाळेत हॉकी खेळते. एकदा सुट्टीला आली, तेव्हा तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा वाद चालला होता, की हॉकीतल्या सगळ्यांत चांगल्या नव्या खेळाडूचा मान खरा कुणाचा. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. ऐकता ऐकता माझा हात थांबला. म्हटलं, अगं, हे तर आपल्याच ग्रामसंघाचं भांडण आहे!

हा पुरस्कार काय आहे ते सांगते. जगभरच्या हॉकीचा कारभार आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ बघतो. तो दर वर्षाच्या खेळासाठी सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम गोलरक्षक, सर्वोत्तम प्रशिक्षक आणि सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू असे मान देतो. पुरुषांचे वेगळे, महिलांचे वेगळे. उदयोन्मुख म्हणजे नुकती वर येऊ लागलेली, कोवळ्या वयाची. महिलांमधला हा मान आपल्या भारताच्या तीन मुलींनी मिळवला आहे. २०१९ चा लालरेमसियामीने, २०२०-२१ चा शर्मिला देवीने आणि २०२१-२२ चा मुमताज खानने.

पहिली लालरेमसियामी. मिझोरामच्या कोलासिब गावची. संघात तिला लाडाने सियामी म्हणतात. दिल्लीला राष्ट्रीय केंद्रात शिकायला आली तेव्हा तिला हिंदी धड येत नव्हतं. बरोबरच्या मुलींकडून ती ते शिकली. २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत भारताला रौप्यपदक मिळालं, त्या संघात ती होती. जून २०१९ मध्ये जपानमधल्या हिरोशिमाला स्पर्धा चालू होती. उपांत्य सामना तोंडावर आला आणि तिचे वडील गेल्याची बातमी आली. ती परत फिरली नाही, संघाबरोबर राहिली. भारताने उपांत्य सामन्यात चिलीला ४-२ आणि अंतिम सामन्यात जपानला ३-१ असं हरवलं. मग ती घरी गेली. त्या वर्षीच्या उदयोन्मुख खेळाडूच्या मतदानात तिला ४० टक्के मतं मिळाली. अर्जेंटिनाची हुलिएता यानकुनास आणि नेदरलँड्सची फ्रेडरिक मातला मागे राहिल्या.

दुसरी शर्मिला देवी, हरियाणातल्या हिसार जिल्ह्याची. ती २०१९ मध्ये भारताच्या मुख्य संघात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भुवनेश्वरला ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी अमेरिकेशी सामना झाला. भारताने तो ५-१ असा जिंकला आणि त्यात एक गोल तिचा होता. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला महिला संघ चौथा आला, त्यात ती आणि सियामी दोघीही होत्या.

तिसरी मुमताज, लखनौची. तिची आई हातगाडीवर भाजी विकते. एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पोचेफस्ट्रूमला ज्युनियर विश्वचषक झाला. मुमताजने त्या एका स्पर्धेत ८ गोल केले. त्यातले ३ एकट्या मलेशियाच्या सामन्यात. भारत चौथा आला. कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडशी २-२ बरोबरी झाली, आणि त्यातले आपले दोन्ही गोल मुमताजचे. शेवटी शूटआउटमध्ये आपण हरलो. शूटआउट म्हणजे बरोबरी झाल्यावर एकेक खेळाडू एकटी गोलरक्षकासमोर जाते, तो प्रकार.

आणि गंमत बघा, त्या ज्युनियर संघात सियामी आणि शर्मिलाही होत्या. तिघी एकाच संघात! त्याच संघात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याच्या दोघी होत्या, वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे. शेतकऱ्यांच्या गावांतून निघून पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकलेल्या मुली.

आता भाचीचा वाद. ती म्हणे, मुमताजच सरस, ८ गोल काय थोडे झाले? मैत्रीण म्हणे, सियामी सरस, वडील गेले तरी मैदान सोडलं नाही. दोघीही खरं बोलत होत्या. पण दोघी दोन वेगवेगळ्या मापांनी मोजत होत्या. एकीच्या हातात वजनकाटा, दुसरीच्या हातात टेप. मग मेळ कसा बसायचा?

म्हणून आपण एकेक माप घेऊन बघू.

पहिलं माप आकड्याचं. गोल मोजायला सोपे. पण हॉकीत मैदानावर ११ जणी असतात. पुढे आक्रमण करणारी, मधली फळी सांभाळणारी, मागे बचाव करणारी आणि गोलरक्षक. गोल बहुतेक पुढच्या करतात. मागे उभं राहून दहा गोल वाचवणारीच्या नावापुढे शून्यच दिसतं. म्हणून नुसते गोल मोजले तर पुढच्या खेळाडूलाच मान मिळत राहणार. आपल्याकडेही असंच. मसाल्याची विक्री आकड्यात दिसते. कोंबडीपालनात पहिले पाच-सहा महिने नुसता खर्च, पिलं मोठी होईपर्यंत हाती काही नाही. दोघींची सहा महिन्यांची विक्री शेजारी शेजारी ठेवली, की कोंबडीवाली हरणारच. ती कामात कमी पडली म्हणून नाही. तिच्या धंद्याचं पीक उशिरा येतं म्हणून.

दुसरं माप दुःखाचं. इथे जरा जपून बोलते. सियामीची गोष्ट ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्यातल्या कितीजणी घरात दुःख असताना कामाला उभ्या राहिल्या आहेत, आपल्याला ते वेगळं सांगायला नको. पण तिला मान मिळाला तो तिच्या खेळासाठी. त्याआधीच ती आशियाई रौप्यपदकाच्या संघात होती. दुःखामुळे तिचा खेळ मोठा झाला नाही. दुःखात असूनही तो कमी झाला नाही, एवढंच. दया दाखवून मान दिला, तर घेणारीची मान खाली जाते. आमच्याकडे कुणीतरी बोललं होतं, "वाडीतली बिचारी आहे, नवऱ्याच्या माघारी एकटी करते, तिला देऊन टाका." ते तिच्या कानावर गेलं. पुढे ती मला म्हणाली, "ताई, बिचारी म्हणून द्यायचं असेल तर नारळसुद्धा नको. माझी खुराडी बघायला या, मग द्या." तिचं बरोबर होतं. अडचणीत असलेल्या बाईला मदत लागते, कर्ज लागतं, सोबत लागते. ती वेगळी द्यावी. मान कामाचा असावा.

पण याच मापाची दुसरी बाजूही आहे. कोण कुठून निघाली हे बघायचंच नाही का? बघायचं. वाट किती चढाची होती हे कळलं, तर चाल किती दमदार होती हे कळतं. एकीला मिक्सर, फ्रीज आणि घराला लागून रस्ता. दुसरीला खाद्याचं पोतं डोक्यावर घेऊन नदी ओलांडायची. दोघींनी सारखाच धंदा केला, तर दुसरीचं कसब जास्त. हे दया म्हणून नाही, हिशेब म्हणून धरायचं.

तिसरं माप, आणि हे सगळ्यांत अवघड: नवी म्हणायचं कुणाला? यावर मोठमोठ्यांचे वाद झाले आहेत. आपली हॉकी मैदानावरची. अमेरिका-कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. तिथल्या पुरुषांच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये दर वर्षी नव्या खेळाडूला काल्डर करंडक देतात. त्यासाठी हॉकीवर लिहिणारे पत्रकार मतदान करतात. १९९० मध्ये तो सर्गेई माकारोव या खेळाडूला मिळाला. हा गडी तेव्हा ३१ वर्षांचा. सोव्हिएत संघातर्फे दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकून आलेला! त्या लीगमधलं मात्र त्याचं पहिलं वर्ष, म्हणून नियमाने तो नवा. त्याच्या मागे दुसरा आला माईक मोडानो, १९ वर्षांचा पोरगा. लोक म्हणाले, हा कसला नवा? मग नियम बदलला, की हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूचं वय २६ च्या आत हवं. पण करंडक माकारोवकडेच राहिला. तो नियमात बसूनच जिंकला होता. नियम पुढच्यांसाठी बदलला.

आपल्या हॉकीतही असं झालंय. पुरुषांमधला उदयोन्मुख खेळाडूचा मान मध्य प्रदेशच्या विवेक सागर प्रसादला २०१९ चाही मिळाला आणि २०२०-२१ चाही. एकच खेळाडू दोनदा नवा! नियमात बसत होतं. तरी कुणी विचारू शकतं, की एकदा उगवलेला सूर्य पुन्हा कसा उगवतो?

आमच्या मसालेवाल्या ताईंचंही असंच होतं. आमच्या गटात त्या नव्या, हे खरं. पण त्याआधी माहेरच्या गावी सहा वर्षं गटात होत्या. तिथे मसाल्याचं प्रशिक्षण झालेलं, गिऱ्हाईक कसं जोडायचं ते ठाऊक. त्यांनी काही लपवलं नाही. आम्हीच विचारलं नाही. माकारोवसारखंच झालं, दोष खेळाडूचा नाही, नियमाचा.

आता येते मतदानावर. मैत्रिणींनो, हा भाग लक्ष देऊन ऐका.

२०२१ मध्ये मोठा गाजावाजा झाला. त्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्णपदक बेल्जियमला, महिलांचं नेदरलँड्सला. भारताचे पुरुष कांस्यपदक घेऊन आले, महिला चौथ्या आल्या. ऑक्टोबरमध्ये महासंघाचे आठ पुरस्कार जाहीर झाले. आठच्या आठ भारताला! खेळाडू, गोलरक्षक, उदयोन्मुख खेळाडू, प्रशिक्षक, सगळे आपले. शर्मिलाचा मान त्यातलाच. आपल्याला आनंद झाला. पण बेल्जियमच्या हॉकी संघटनेने उघड नाराजी दाखवली. त्यांचं म्हणणं, सुवर्ण जिंकलेल्या संघातल्या एकालाही काही मिळत नाही, तर मतदानाची पद्धतच चुकली आहे.

तेव्हाची पद्धत अशी होती. देशोदेशीच्या हॉकी संघटनांच्या मतांना ५० टक्के वजन, पत्रकारांच्या मतांना २५ टक्के, आणि चाहते व खेळाडूंच्या मतांना २५ टक्के. आपल्या देशात चाहते किती, सांगायलाच नको. जिथे घरं जास्त, तिथे हात जास्त. माझ्या ग्रामसंघात मोठ्या आळीचे हात जास्त होते, तसंच.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा. महासंघाने नंतर आकडे सांगितले. आशियातल्या ३३ संघटनांपैकी २९ जणांनी मत दिलं. युरोपातल्या ४२ पैकी फक्त १९ जणांनी. म्हणजे नाराज झालेल्या युरोपातल्या निम्म्याहून जास्त संघटनांनी मतच दिलं नव्हतं! मत द्यायच्या दिवशी घरी बसायचं आणि निकालानंतर बोट मोडायची, हे आपल्या ग्रामसभेतही होतं की नाही?

मी मात्र यावरून वाडीतल्या बायांना लगेच बोल लावणार नाही. त्या दिवशी त्या का आल्या नाहीत, हे मी नंतर विचारलं. बैठक दुपारी चारला होती. वाडीतल्या बाया त्या वेळी हरभऱ्याच्या काढणीला. परत जायला सहानंतर गाडी नाही. मत द्यायचा हक्क होता, पण वेळ आम्ही आमच्या सोयीची ठेवली होती. म्हणून न आलेल्यांना दोष देण्याआधी विचारायचं, की यायची वाट मोकळी होती का?

वाद झाल्यावर महासंघाने काय केलं? पद्धत बदलली. पुढच्या वर्षी तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या मताला ४० टक्के वजन दिलं. संघटनांतर्फे कप्तान आणि प्रशिक्षकांच्या मताला २० टक्के, चाहते व खेळाडूंना २० टक्के, पत्रकारांना २० टक्के. खेळ जवळून बघणाऱ्याच्या मताचं वजन वाढलं, आणि प्रेक्षकाचा आवाजही राहिला. या नव्या पद्धतीने त्या वर्षी सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान नेदरलँड्सच्या फेलिस अल्बर्सला गेला. आणि उदयोन्मुख खेळाडू? आपली मुमताज. तिला ३२.९ गुण, बेल्जियमच्या शार्लोट एंगलबर्टला २८.९, नेदरलँड्सच्या लुना फोकेला १६.९. नुसत्या हातांच्या जोरावर आम्ही जिंकतो, असं म्हणायला आता जागा राहिली नाही. नियम चोख असले की जिंकणारीलाही मान ताठ ठेवता येते. वाद नको म्हणून नियम नसतात, जिंकणारीच्या पाठीमागे कुजबूज होऊ नये म्हणूनही असतात. आमच्या मसालेवाल्या ताईंचंही नुकसानच झालं की. चांगल्या हाताची बाई, पण दोन वर्षं "आळीच्या जोरावर मिळालं" हे ऐकत राहिली.

मग तुम्ही विचाराल, या तिघींमध्ये सरस कोण? माझं मत सांगते. एका वर्षाच्या खेळावर बोलायचं तर मी मुमताजचं नाव घेईन. गोल ८ केले म्हणूनच नाही. पदकाचा सामना, अंगावर दडपण, आणि तेव्हा संघाचे दोन्ही गोल तिने केले म्हणून. पण "नवी" या शब्दाचा अर्थ नवख्या जागी, नवख्या भाषेत पाय रोवणारी असा घेतला, तर मी सियामीचं नाव घेईन. आणि शर्मिलाचा मान वादाच्या वर्षी आला म्हणून तिचा खेळ खोटा ठरत नाही. मतदानाची पद्धत तिने ठरवली नव्हती. तुमचं मत वेगळं असू शकेल. फक्त कुठल्या मापाने मोजलं, ते आधी सांगा.

आम्ही यंदा काय केलं ते सांगून थांबते. नावं मागवण्याआधी, म्हणजे दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत, नियम वहीत लिहिले. नवी म्हणजे कुठल्याही गावच्या कुठल्याही गटात मिळून दोन वर्षांच्या आत आलेली. धंद्याचं माप त्या त्या धंद्याच्या चालीने. तिघींनी घरी जाऊन काम बघायचं, आणि त्या तिघी तीन वेगळ्या वस्त्यांमधल्या. त्यांच्या मताला निम्मं वजन, बाकी निम्मं सगळ्या गटांचं. प्रत्येक गटाला एक मत, मग गटात दहा बाया असोत की वीस. चिठ्ठीने, हात वर करून नाही. आणि बैठक वाडीत, सकाळी नऊला.

ते लिहून झाल्यावर मी नदीपलीकडे गेले. तिची खुराडी बघितली. चाळीस पिलांवरून ती शंभराच्या पुढे गेली होती. मी म्हटलं, "त्या वेळी माझं चुकलं." ती काही बोलली नाही. चहा ठेवला. मग म्हणाली, "यंदा मी नियमात बसत नाही ना? दोन वर्षं झाली मला." मी गप्प. खरंच बसत नव्हती. ती हसली आणि म्हणाली, "मग मला बघायला जाणाऱ्या तिघींमध्ये घ्या. कोंबड्या मला कळतात." आम्ही तिला घेतलं. यंदा नव्या बायांची घरं बघायला सगळ्यांत आधी तीच निघते.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं बोला. आपल्या गटात नवी कुणाला म्हणायचं? तिचं काम कुठल्या मापाने मोजायचं? आणि मत द्यायच्या दिवशी कोण येऊ शकत नाही, ते का? उत्तरं वहीत लिहा, नावं यायच्या आधी. येते मी. रामराम.